इथे थांबा आणि विचार करा

माझ्या खोक्यात एकोणीस फोन एका वेळी चार्ज होतात,
विसावा लावला की पत्रा तापतो.
झोम्बाच्या बाजारात, शिंपी आणि टायरवाला यांच्या मधोमध
मी वीज विकतो, सुटी, टक्क्याटक्क्याने.
कुणाचा फोन कशाने मरतो ते मला ठाऊक असतं :
पोरांचे फुटबॉलने, पाद्रीबाबांचा भजनांनी,
वायसनचा शिकून शिकून.

वायसन सायकल-टॅक्सी चालवतो.
मागे लाल रेक्झिनची गादी, तिला पिवळी झालर.
शाळा सहावीत सुटली, म्हणजे
फी राहिली आणि तो नाही राहिला.
आता रात्री बारानंतर डेटा स्वस्त होतो,
तेव्हा तो उठून धडे उतरवून घेतो,
नळ जाण्याआधी लोक भांडी भरतात तसे.

अपूर्णांक. साप चावल्यावर काय करू नये.
मतं कोण मोजतं आणि मोजणाऱ्याला कोण.
जपानी मुळाक्षरं, दोनच दिवस.
कुठल्याशा सामुद्रधुनीत अडकलेली जहाजं,
आणि त्यांच्यापायी आपल्याकडे तेलाची बाटली का चढली.
सगळं फुकट.
फुकट म्हणजे डेटा त्याचा, झोप त्याची, चार्जिंग माझं,
आणि प्रमाणपत्र हवंच असेल तर एकोणपन्नास डॉलर.
तो हसतो : "सायकलला कुठे लावू?"

एका कानात मास्तर, एक कान रस्त्यासाठी मोकळा.
मास्तर कुठल्या तरी थंड देशातला, स्वेटरवाला,
दर वाक्याआधी घसा खाकरणारा.
मंगळवारी, चिनामवालीच्या उतारावर,
मागे एलिफा, तिच्या मांडीवर सुक्या माटेंबाची टोपली,
मास्तर म्हणाला : इथे थांबा आणि विचार करा.

वायसन थांबला.

मासळी रस्ताभर. एक मासा त्याच्या कॉलरमध्ये.
एलिफा जे बोलली ते मी इथे सांगत नाही,
माझं खोकं चर्चच्या जागेवर आहे.
वेचता वेचता शेवटी तिने विचारलं,
"थांब म्हणून सांगितलं तरी कुणी तुला?"
त्याने दुसरा इअरफोन पुढे केला.

मग दोघं एका वायरीत.
वायर आखूड, म्हणून ती पुढे वाकलेली,
तो सावकाश, खड्डे चुकवत.
मास्तर सांगत होता : भाव तोच ठेवून माल घटवायचा,
या प्रकाराला एक नाव आहे.

"नाव आहे?"

चार वर्षांपूर्वी तिच्या ढिगात सात मुठी असायच्या,
मग सहा, आता पाच, तीही बोटं जरा मिटून.
रात्री दिवा मालवताना तिला ते पाप वाटायचं.
आणि इथे हा भला माणूस
त्याच पापाचा आलेख काढून दाखवत होता,
निळ्या रेघेने, शांतपणे.

बाजार आला. ती उतरेना.
"आणखी एक फेरी मार, पैसे देते."

गिऱ्हाइकाच्या ते लक्षात येत नाही, मास्तर म्हणाला.
"येतं," एलिफा म्हणाली, "चांगलं येतं.
गिऱ्हाईक आधी ढीग बघतं, मग माझ्याकडे बघतं,
मग काही न बोलता पैसे देतं.
हे सांग त्याला."

धड्याच्या शेवटी स्वाध्याय होता :
आपल्या भागातलं एक उदाहरण लिहा.
संध्याकाळी माझ्या खोक्याला टेकून
वायसन अंगठ्याने एकेक अक्षर दाबत होता,
ती शेजारी उभी, हाताला मासळीचा वास,
"पाच मुठी लिही. खोटं नको लिहू, पाच."

एक टक्का उरला होता. तोही गेला.
मी पाद्रीबाबांचा फोन काढला, त्याचा लावला.
पैसे घेतले नाहीत.
घेतले, खरं तर. अर्धे.

बऱ्याच वेळाने पडदा उजळला.
वाक्य जिथे सोडलं होतं तिथेच उभं होतं :
गिऱ्हाईक आधी ढीग बघतं, मग