अंगठा

शुक्रवारी रात्री अपग्रेड झालं.
सोमवारी रेकॉर्ड रूममध्ये हीटर लावून बसले
तर दोन हजार एकशे चौदा नावांपुढे पिवळा त्रिकोण :
संमती जुन्या आवृत्तीतली. नूतनीकरण आवश्यक.
दोन दिवसांच्या सुट्टीत एवढे होकार नासले,
फ्रिजबाहेर राहिलेल्या दुधासारखे.

वेलिंग्टनहून पत्र आलं होतं आधीच :
नवा फॉर्म सुटसुटीत आहे, चार पानांचं दीड पान केलंय.
बदल नसेल तर एक बटण दाबा.
बदल असेल तर रुग्णाची ताजी सही घ्या.
उत्तर कोरं असेल तिथे 'हो' धरलं आहे.
मौन म्हणजे संमती, ही म्हण
कुणीतरी कोडात लिहून टाकली होती.

चहा संपेपर्यंत माझी सव्वीस नावं हिरवी झाली.

सत्ताविसाव्याला स्कॅन चुकून उघडला.
मेरेआना वाका. वय एकाहत्तर. साखर.
डाव्या पायाचा अंगठा, गुरुवारी काढलेला.
नवा फॉर्म म्हणतो :
काढलेल्या भागाची नियमानुसार विल्हेवाट, हो.
जुन्या कागदावर तिन्ही चौकटी रिकाम्या,
आणि समासात, उभं, पेन्सिलीनं :
माझं मला परत द्या.
त्याला मातीत जायचंय, माझ्याआधी.

नव्या सिस्टीमनं चौकटी वाचल्या.
समासाला रकाना नसतो.

लॅबमध्ये फेतू होता. म्हणाला, डबा आहे अजून.
न्यायला गाडी दोन वाजता येते.
मला इथे 'हो' दिसतंय, ते बदल,
मग मी गाडीवाल्याला थोपवतो.

टॅबलेट घेऊन वॉर्डात गेले.
ती मोजे विणत होती. दोन.
पुन्हा विचारायचंय, म्हटलं.
"पुन्हा? लिहून दिलं होतं की."
हो, पण ते नव्या घरात पोचलं नाही.
ती हसली नाही. चष्मा लावून
वरची ओळ वाचली तिनं, ओठ हलवत :
मी सर्व समजून घेतलं आहे.
"हे कोण म्हणतंय? मी, की हे?"
आणि सुईनं काचेवर टकटक केलं.
मला सांगता आलं नाही.

सही बोटानं करायची. साखरेनं बोटं बधिर.
तीनदा आलं : अवैध.
चौथ्यांदा तिनं सरळ अंगठा टेकवला,
दाबून, थोडा फिरवून,
शाळेत न गेलेली माणसं देतात तसा,
ती, जी चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती.
हिरवं झालं.
हाताच्या अंगठ्यानं पायाचा सोडवून आणला.
घड्याळात दोनला आठ कमी.

नातू आला, रूआ, मासळीचा निळा कूलर घेऊन.
फेतूनं डबा दोन्ही हातांनी दिला,
त्यानं दोन्ही हातांनी घेतला
आणि हळूच काहीतरी बोलला,
डब्याशी. आमच्याशी नाही.
खिडकीतून दिसलं, त्याची गाडी फेरीच्या रांगेत,
पुढे मेंढ्यांचा ट्रक, मागे कुणाचीशी बोट.
होकिआंगाचं पाणी ओहोटीला लागलेलं,
खारफुटीची मुळं उघडी.
पलीकडे टेकडीवर त्यांचं उरुपा,
तिथे तिच्या नवऱ्याच्या पायाशी जागा आहे.
एवढीशी पुरे, म्हणाली होती ती,
उरलेली मी येईन सावकाश.

चारला परत येऊन बसले.
क्रमांक सत्तावीस : बदल नोंदला.
शेऱ्यासाठी एकशे वीस अक्षरं मिळतात,
मी पेन्सिलीतली ओळ जशीच्या तशी टाकली,
शेवटचा शब्द मावला नाही.

मग यादी वर सरकवली.
सव्वीस हिरव्या खुणा,
चहाबरोबर केलेल्या.
हीटर बंद करून पुन्हा लावला, उगाच.
पहिलं नाव उघडलं,
स्कॅन मोठा केला,
आणि समासापासून वाचायला घेतलं.