बियाण्याची काकडी

हस्त नक्षत्र काल सरलं. मांडवाच्या सुतळीवर
अजून थेंब आहेत, बोट लावलं की मनगटापर्यंत येतात.
वर उच्चदाबाच्या तारा भुणभुणतात.
त्यांच्याखाली इमारत उभी करता येत नाही,
म्हणून उत्तरशिवच्या शिवारात
हे अकरा गुंठे भाजीला उरले.

साडेपाचला कपाळावर बॅटरी बांधून
आम्ही वेलांत शिरतो, मी आणि ठमीबाई मढवी.
ती देठ कापते, मी पाटी सरकवतो.
शिराळी. पडवळ. हाताला खाजणारी भेंडी.
लाल माठ मुळासकट, माती झटकून.
पानांना दशपर्णीचा वास आहे अजून,
कडुनिंब, निरगुडी, गोमूत्र,
आणि आणखी काहीतरी
जे अंघोळीनेही जात नाही.

सोळा वर्षं मी रबाळ्याच्या कारखान्यात क्वालिटीला होतो.
व्हर्नियर लावायचा,
दोन शतांश जास्त भरलं की लाल डब्यात.
वाकडं कारलं उचललं
की अंगठा आजही आपोआप थांबतो.
ठमीबाई बघते.
"टाक पाटीन," म्हणते, "कढईन सगली सरलच."

शीळफाट्याच्या टॉवरांत बावीस घरं,
बावीस पिशव्या.
भेंडी पुरली. पडवळ कापून वाटलं.
काकड्या एकवीस.
पाच फळमाशीने टोचल्या, सापळ्याला न जुमानता,
आणि दोन कोल्ह्याने अर्ध्या खाऊन ठेवल्या,
म्हण खरी करायला.

चौथ्या खांबाशी एक आहे.
पिवळी, जून, सालीवर जाळी पडलेली,
देठाला ठमीबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी.
मी म्हटलं, कोवळी नाही,
पण कोशिंबिरीला चालून जाईल,
सबनीसांची पिशवी तेवढी भरते.

ती बोलली नाही.
विळा कमरेला खोचला,
काकडीखाली तळवा धरला, वजन घेतलं, सोडलं.
मग म्हणाली, हे बी गोठिवलीचं, सासूच्या परड्यातलं.
परडं गेलं. तिथे आता गाड्या लावतात.
बी राखेत घोळून बाटलीत राहिलं,
बाटली फडताळात,
फडताळ तीन घरं फिरलं.

सबनीसांच्या पिशवीत मी
गवारीची एक मूठ जास्त टाकली
आणि पावतीमागे पेन्सिलीने लिहिलं:
काकडी एक कमी. ती वेलावर आहे.
खोडून टाकावं असं वाटलं, पण टेम्पो आला.

ऊन आता तारांच्या वर.
ठमीबाई बांधावर बसून
चहात खारी बुडवते, तुटलेला तुकडा बोटाने काढते.
मी चौथ्या खांबाशी परत गेलो,
अंगठा आणि तर्जनी लावून
काकडीची जाडी घेतली.
किती भरली
ते कुठे लिहायचं नव्हतं.