चेकमेक

इनेबोलूत आले त्याच आठवड्यात दाढ ठणकली.
डॉक्टर म्हणाले, चेकमेक लागेल.
घाबरून शब्दकोश उघडला:
चेकमेक, म्हणजे ओढणे.
आणि खाली पानभर बारीक अक्षरं,
एकाच दोरीला कुणी गाठी मारत गेल्यासारखी.

दाढ गेली. शब्द राहिला.

घरमालकीण नेझिहे हनम.
वय विचारलं तर मांजराचं सांगते.
सकाळी पितळी चक्कीत कॉफी ओढते,
दळते नव्हे, ओढते.
मी तिला दुरुस्त करायला तोंड उघडलं,
तेवढ्यात कप हातात आला, मिटलं.

एक तारखेला लिपस्टिक लावून
बँकेच्या भिंतीतून पेन्शन ओढायला जाते.
फोन मात्र तिच्या स्वयंपाकघरात ओढत नाही.
रॉटरडॅमहून सेरहात बोलणार असला
की आम्ही दोघी मासळीबाजारामागे, धक्क्यावर,
दिव्याच्या तिसऱ्या खांबाला खेटून.
तिथे ओढतो.
ती ओरडून बोलते, समुद्रापलीकडे ऐकू जावं इतकं,
मग फोन पिशवीत, कांद्यांवर,
आणि एक उसासा.
माझ्या भाषेत तो सोडतात.
इथे आत ओढून घेतात
आणि पुढे त्याचं काय करतात ते सांगत नाहीत.

मी म्हटलं, आमच्याकडे ओढ लागते.
आपोआप. ठेच लागावी तशी.
ती म्हणाली, फुकटात मिळते म्हणजे.
आमच्याकडे ओढसुद्धा ओढावी लागते,
वल्ह्यासारखी, दोन्ही हातांनी,
आणि पाठ असते जायचं तिकडे.

दुःख ओढणं, याला दुसरा शब्द?
आहेत की. कातलानमाक: दुमडलं जाणं.
दायानमाक: टेकून राहणं.
कोशात तिन्हींपुढे एकच अर्थ, सोसणे.
मी तिला पान दाखवलं.
तिनं चष्मा न लावताच नापसंत केलं.
"रिफ्की बुडाला त्या नोव्हेंबरात मी टेकून होते.
कशाला? फ्रीजला. हसू नकोस,
घरात तेवढंच काहीतरी घरघरत होतं.
मग बरीच वर्षं दुमडलेली,
कपाटातल्या चादरीसारखी.
ओढणं? ते आत्ता कुठे सुरू झालंय."

मेमध्ये माझ्या हातून ते झालं.
मदत म्हणून कपडे धुवायला टाकले, साठ अंशांवर,
आणि ढिगात रिफ्कीचा निळा स्वेटर होता.
बाहेर आला तेव्हा पोराच्या अंगाचा.
तिनं तो उजेडात धरला.
चेकमिश, म्हणाली.
कापड आटलं तरी तेच क्रियापद.
मला येत होते नव्हते तेवढे
माफीचे सगळे समानार्थी शब्द मी वापरले.
तिनं स्वेटरच्या चार घड्या केल्या.
दोन दिवस कॉफी आली, शब्द आला नाही.

जुलैत सेरहात आला, नऊ वर्षांच्या दोरुकला घेऊन.
पोरगा तासभर पाण्यात,
बाहेर आला तो ओठ जांभळे, दात वाजत,
आणि म्हणतो, थंडी नाहीच मुळी.
नेझिहे हनम आत गेली.
कपाटाचं दार करकरलं.
बाह्या बरोबर मनगटापर्यंत.
गळा जरा तंग.
दोरुक डावा खांदा उचलून उभा राहिला,
तसं उभं राहायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

देदेसिने चेकमिश.
ती हे कुणाला म्हणाली, कळलं नाही.
आम्ही म्हणतो, आजोबांवर गेलाय,
म्हणजे जातो तो नातू.
इथे दोरीच्या दुसऱ्या टोकाला
कुणीतरी असतं.

सेरहातनं फोन वर धरला.
फोटोही इथे ओढतातच.
"थांब," ती म्हणाली, कॉलर नीट करत,
कॉलर नीटच होती,
"थांब जरा. अजून ओढू नकोस."