गाठ

डंडीत सकाळी साडेआठलाही काळोख.
टे नदीवरचा पूल दिसत नाही, दिसतात त्याचे दिवे.
बिंदू आहेत, रेषा मनाने जोडायच्या.
माझा पगार याच कामाचा.

कट्रिओनाने हॉस्पिटलातून पेशी आणल्या होत्या,
नमुना एकेचाळीस. नाव नाही, वय चौसष्ट.
तिने दोरा होता तिथेच थिजवला, कापला,
टोकं शेजारच्या टोकांना चिकटवली
आणि मला पाठवली नुसती यादी:
कुठला तुकडा कुणाला टेकला होता, किती वेळा.

दोन मीटर दोरा,
आणि टाचणीच्या माथ्यावर हजारो मावतील एवढी खोली.
मला वाटायचं, कोंबलाय.
तीन वर्षांनी कळलं, सगळ्या सुरगाठी आहेत.
एक कडं दोऱ्यावरून सरकत जातं, वेटोळं मोठं करत,
ठरल्या खुणेपाशी थांबतं,
आणि आठ लाख अक्षरं दूर राहणारे दोघे
बसतात मांडीला मांडी लावून:
एक बटण, एक दिवा.

ओळ दोनशे बारा, रकाना दोनशे चौऱ्याण्णव.
निरोगी पेशीत तिथे शून्य.
एकेचाळीसमध्ये नऊ.

नऊ म्हणजे काय? गोंगाटही असेल.
दोनदा पुसला.
तिसऱ्यांदा ती रेषा वगळून समीकरणं चालवली,
अख्खं जाळं शहाण्यासारखं शांत.
परत जोडली:
दिवा लागला, विझेना.
मधली एक खूण गळली होती, एवढंच.
कुंपणाने शेत खाल्लं असं आपण म्हणतो.
कुंपण कुणी खाल्लं
ते माझ्या गणितात येत नाही.

कट्रिओना विचारते, जाळ्यातल्या बिंदूला तुमच्याकडे काय म्हणतात?
म्हटलं, गाठ.
आणि ट्यूमरला?
गाठ.
आणि दोन माणसं भेटली तर?
तीच पडते.
ती हसली नाही.
चहाचा कप माझ्या कीबोर्डपासून लांब सरकवला,
रोज सरकवते तसा.

चार वाजता पुन्हा काळोख.
बस स्टॉपवर, चौसष्टीची असेल, एक बाई
हातमोज्याने वेळापत्रकावरचं बर्फ खरवडत होती.
बावीस नंबर गेली का?
म्हटलं, नाही, अजून नाही.

बस.
एकदाच टेकलेले मी मोजत नाही,
दोनच्या खालचं सगळं
पहिल्याच पायरीवर गाळून टाकते.