पन्नास ग्रॅम

सकाळी सव्वासातला लोकमान्य नगरात गाडी येते
गाणं वाजवत, सहा कप्प्यांची.
ओला, सुका, प्लास्टिक, आणि बाकीचे तीन;
इंदुरात पोरंसुद्धा ते पाढ्यासारखे म्हणतात.
मी काउंटरवरची रिकामी टेस्टर-डबी पुढे केली.
सुगनबाईने ती हातमोज्यातच उलटीपालटी केली,
आतली पांढरी वाटी उपसून पाहिली, निघेना.
"बाई, यो कणी में नाखूं?"

काच आहे, पण आतून प्लास्टिक चिकटवलेलं.
झाकण सोन्याचं वाटतं, तेही प्लास्टिकच, वर मुलामा.
झाकणात लोहचुंबक,
मिटताना टक् असा श्रीमंत आवाज यावा म्हणून.
त्या आवाजावर आमचं अर्धा दिवस ट्रेनिंग झालं होतं.
मला उत्तर आलं नाही.
गाडी पुढे गेली, गाणं घेऊन.

मग मी डबी घासून धुतली
आणि आईच्या चकलीच्या ऑर्डरी ज्यावर तोलतो
त्या काट्यावर ठेवली.
तीनशे बारा ग्रॅम.
क्रीम होतं पन्नास.

मला सगळं पाठ आहे.
सशावर चाचणी नाही.
मधमाशीचं मेण नाही.
चमक ज्या अभ्रकाची, त्याच्या खाणीत
लहान मूल नाही, तसा कागद आहे.
तो कागद मी पाहिलेला नाही.
कागद आहे असं लिहिलेला कागद पाहिलाय,
जाडसर, हातकागद, त्यात झेंडूच्या बिया.
पेरला तर उगवतो म्हणे.
मी पेरला, गॅलरीतल्या फुटक्या बादलीत.
दोन रोपं आली. खोटं कशाला बोलू.

सशावर नाही, हेही खरंच असावं.
माझ्या डाव्या मनगटावर मात्र दिवसाला तीसेक वेळा
लावून दाखवते, पुसते, लावून दाखवते.
तिथली कातडी आता उरलेल्या हाताहून
एक छटा वेगळी झालीय.
आमच्याकडे बावीस छटांना नावं आहेत,
हिला नाही.
आणि खुर्ची नाही. नऊ तास
काउंटरमागे खुर्ची नसते.
बसलेली मुलगी महाग दिसत नाही,
असं रेवती मॅडम म्हणतात.
त्याही उभ्यानेच म्हणतात.

रिफिल मिळतं. म्हणजे मुंबईहून मागवावं लागतं.
खोक्यात खोकं, त्यात कुरळ्या कागदाचं गवत,
त्यात आणखी एक खोकं, मग रिफिल.
दोन वर्षांत मागवलं एकट्या ढोबळेकाकूंनी,
त्याही स्वस्त पडतं म्हणून.

काल एक मुलगी आली, कॉलेजातली,
पाठीवर सॅक, बोटांना पोह्यांवरच्या शेवेचा वास.
"हे चांगलं आहे?"
म्हटलं, कोरड्या त्वचेला उत्तम.
"तसं नाही. चांगलं आहे का?"
आणि तिने डबी तळहातावर झेलून पाहिली,
मंडईत भोपळा पाहतात तशी.
ससा, मेण, कागद, झेंडू, सगळे ओठांवर रांगेत उभे होते.
मॅडम दोन पावलांवर.
मी म्हटलं, "आतलं पन्नास ग्रॅम चांगलं असेल.
बाकीचं मला माहीत नाही."
तिने डबी ठेवली.
थोडा वेळ आरशात बघत राहिली, स्वतःकडे नाही,
मागच्या दिव्यांकडे.
मग लहान साइजची घेतली.
तीही जडच.

घरच्या डबीत आईने केशर ठेवलंय.
दिवसातून चारदा उघडते, मिटते. टक्.
केशर तसूभरही कमी होत नाही.

आज सुगनबाईने बादली घेण्याआधी विचारलं,
ती डब्बी कुठे?
म्हटलं, घरातच ठेवली.
ती हसली.
"रेवा दो बाई. आखर तो म्हारे कने ज आवेगी,"
म्हणाली, आणि शेजारच्या दाराशी गेली.