शेरा

मुंढव्याच्या प्लँटवर, तीन नंबरच्या टाकीच्या कठड्याशी बसून
मी एक कण पाण्यात सोडते. कागदावर.
गोल, एकटा, गुळगुळीत.
त्याला शेजारी नाही, वास नाही.
व्यास दुप्पट केला की चौपट वेगाने बुडतो.
इतका आज्ञाधारक, की त्याची कीवच येते.

खरे कण येतात कसब्यातून, कोंढव्यातून,
कणीक मळलेल्या हातांचे, चहाच्या चोथ्याचे,
बाळाच्या अंगावरून उतरलेल्या डाळीच्या पिठाचे,
आणि आपण साखळी ओढून विसरतो त्याचे.
वाटेत एकमेकांना धरतात,
जंतूंच्या तंतूंनी शिवले जातात,
टाकीत पोचेपर्यंत कोण कुठल्या पेठेचं
हे विचारायची सोय उरत नाही.
त्यात गर्दी. खाली जाणारा प्रत्येक जण
आपल्यापुरतं पाणी वर ढकलतो,
आणि तेच पाणी दुसऱ्याच्या आडवं येतं.

हेही मी घातलं समीकरणात, घातांकासकट.
टाकीचे तीस थर केले,
दर थराला विचारलं: वरून आलं किती, खाली गेलं किती?
आलेख सुरेख आला.
फक्त मार्च महिन्यात खोटा.

खुडेकाका एक लिटरचं नळकांडं भरतात,
तळव्याने तोंड दाबून उलटंपालटं करतात
आणि ओट्यावर ठेवतात. तीस मिनिटं.
घड्याळ बघत नाहीत. टाकीला एक फेरी,
जाळीत अडकलेलं प्लास्टिक काढायचं, परत यायचं.
त्या दिवशी वाकून पाहिलं, म्हणाले,
"आज रात्री वर येणार हा."
माझं मॉडेल म्हणत होतं: दीड मीटर, स्थिर.

अडीचला फोन.
मी पोचले तेव्हा काठावरून तपकिरी साय ओघळत
नदीच्या दिशेने निघाली होती,
आणि काका वॉल्व्हच्या चाकाला लोंबकळल्यासारखे.
"कसं कळलं?"
"बसत नव्हता, ताई. नुसता टेकत होता."

अकरा वर्षांच्या वह्या. तारीख, तपमान, मिलिलिटर,
आणि शेवटचा रकाना: शेरा.
बरा.
हलका.
लग्नसराई, तेलकट.
लाइट नव्हती चार तास, रुसला.
केसाळ.
टेकतो.
एका पानावर फक्त:
आई गेली. गाळ पाहिला नाही.

शेऱ्यांना मी आकडे दिले. बरा म्हणजे शून्य,
टेकतो म्हणजे तीन. हलक्यावर दोन रात्री घालवल्या.
आई गेली त्या दिवसाची चौकट रिकामी ठेवली,
सॉफ्टवेअर दर वेळी विचारतं: भरून काढू?
दर वेळी नाही म्हणते.

चूक निम्म्यावर आली.
पेठकर सरांनी चष्म्यावरून पाहिलं,
"हा नवा गुणांक, 'ख'. कुठला? संदर्भ?"
"अनुभवजन्य," मी म्हटलं.
घशात काहीतरी टेकलं. बसलं नाही.

काकांना आलेख दाखवला मोबाइलवर.
हात पँटला पुसून त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.
"रेघ चांगली आलीय," म्हणाले,
"पण मे महिन्यात बघा हिच्याकडे."
आणि नळकांडं विसळून
ओट्यावर पालथं घातलं.