दप्तरातली नोंद

दर सोमवारी मी कपारीत उतरतो.
दप्तरात लिहायचं असतं:
पाणी वीस हजार लिटर, टीसीएल शंभर ग्रॅम,
सही, बा. रा. येडगे, जलसुरक्षक.

कपार म्हणजे सड्याच्या पोटातली भेग.
वर पवनचक्क्या गरगरतात.
वाकून आत गेलं की आधी आपलाच श्वास ऐकू येतो,
मग पाणी.
ठकूआत्या सांगायची, आत पांढरी चिंगळी असते,
हंड्यात आली तर परत सोड,
पाण्याची राखणदार आहे ती.
पूर्वी यायची हंड्यात. पाचसहा वर्षांत नाही आली.
माझी नोकरीही तेवढीच झाली.

मग सामकबाई आल्या कोल्हापूरहून,
गुडघ्याला पट्टा, कपाळाला दिवा.
तीन दिवस पोटावर पडून
एकोणीस मोजल्या.
काचेच्या नळीत एक दाखवली:
तांदळाच्या कणीएवढी, आरपार,
खाल्लेलं पोटात दिसत होतं.
डोळ्यांच्या जागी खूणसुद्धा नाही.
“जगात एवढ्याच,” म्हणाल्या. “बेटावरचा जीव हा.”

मी म्हटलं, बाई, समुद्र लांब राहिला.
त्यांनी कड्याकडे बोट केलं.
तारळ्याच्या खोऱ्यातून धुकं चढलं होतं.
रस्ता, देवळाचा कळस, वस्तीची एसटी, सगळं बुडालेलं,
वर आमचाच सडा उरलेला
आणि बावीस उंबरे.
चाळीस वर्षं राहतोय, कुठं राहतोय ते तेव्हा कळलं.

जाताना विचारलं, पाण्यात काय टाकता?
मी पिशवी पुढं धरली.
बाई चष्मा पुसत राहिल्या.

त्यांना मी हे सांगितलं नाही:
दोन सालांमागं एका सोमवारी मी कराडला लग्नात होतो.
त्याच आठवड्यात खालच्या वस्तीत जुलाब लागले.
कोंडीबा झोऱ्याची नात, सात महिन्यांची.
दप्तरात त्या सोमवारचीही सही आहे.

आता कपारीच्या तोंडाशी दोन पिंपं ठेवलीत.
हंडे आतून भरून आणतो,
पिंपात चिमूटभर पावडर, काठीनं ढवळतो.
बाया करवादतात, रांग संपत नाही,
ग्रामसेवक म्हणतो टाकीचा ठराव पुढच्या सभेत.
मागच्या सभेतही पुढच्याच म्हणाला होता.
माझी पाठ गेली.
दप्तरात अजून तेच लिहितो, शंभर ग्रॅम.

शेवटचा हंडा भरला की दिवा विझवतो,
हात मनगटापर्यंत पाण्यात ठेवून बसतो.
कधी बोटाला काहीतरी लागतं.
किंवा नुसतं पाणीच हलत असेल.